कॅम्पर ट्रेलरचे बाहेरचे लाइट रात्रभर ठेवायचे तर १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी पुरेल, की २००ची घ्यावी?

आधी बाहेर रात्रभर उजेड कशाला हवाय ते ठरवा. जेवणं साडेनऊला उरकतात, अकराला सगळे आडवे होतात, पुढचे सात तास दिवे किड्यांसाठी जळतात. ‘एलईडी आहे हो, ती काय खाणार?’ हे इतक्या ट्रेलरवाल्यांनी ऐकवलंय की आता वाद घालत नाही, हिशोब मांडतो.

१५० एएच म्हणताय म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर, म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरी डोळ्यांसमोर असणार. आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडणी अशी: ट्युब्युलर, तिच्यावर हजार व्हीएचा इन्व्हर्टर, ऑनिंगला (दाराबाहेरच्या कापडी छताला) २३० व्होल्टची २० वॉटची माळ आणि दाराशी ३० वॉटचा फ्लडलाइट. दिवे ५० वॉटचे, पण इन्व्हर्टर स्वतःच १२-१५ वॉट खातो. म्हणजे बॅटरीतून सव्वापाच अँपिअरच्या आसपास. संध्याकाळी सात ते सकाळी सहा, ११ तासांत जवळपास ५८ एएच. दिवसा मोबाइल चार्ज करायला इन्व्हर्टर चालूच सोडला की नुसत्या रिकाम्या चालण्यात आणखी १३-१५. झाले ७०च्या वर. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे १५०पैकी ७५च तुमचे. १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज दिवसाला ३०-४० मागतो, ते कुठून आणणार? पहाटे इन्व्हर्टर १०.५ व्होल्टला टूं टूं करत बंद पडतो तेव्हा बॅटरी तळाला गेलेली असते. असं वारंवार झालं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि १५०ची बॅटरी ९०ची होऊन बसते. मग दुकानदार म्हणतो, २००ची घ्या. एकाशी याच मुद्द्यावर माझी चांगली जुंपली होती. खप तोच ठेवून बॅटरी मोठी केली तर फार तर चार-पाच तास जास्त निघतात, बाकी काही नाही. वर ड्रॉबारवर (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर) वजन वाढतं, आणि ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती झोपायच्या केबिनमध्ये नकोच.

बाहेरचं सगळं थेट १२ व्होल्टवर आणा. ऑनिंगखाली दोन मीटर अंबर पट्टी पुरते, मीटरला ४.८ वॉटची. दुकानात ५०५० एलईडीची, मीटरला १४.४ वॉटवाली गळ्यात मारतात, तिचा पाच मीटरचा रोल सहा अँपिअर ओढतो. ४.८वाली चार तासांत सव्वातीन एएच घेते, डिमरने निम्मी केली तर त्याच्याही निम्मं. पायरीपाशी ३ वॉटचा सेन्सरचा दिवा. अंबर अशासाठी की निळसर पांढऱ्या उजेडावर किडे तुटून पडतात. मे-जूनमध्ये काजव्यांसाठी भंडारदरा किंवा पुरुषवाडीला जाणार असाल तर अंबरसुद्धा बंद ठेवा. लोक तिथे काजवे बघायला येतात आणि फ्लडलाइट लावून बसतात!

पट्ट्या लवकर अर्ध्या विझतात त्याचं कारण फारसं कोणी सांगत नाही. पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. एलईडी मिळून नऊ-साडेनऊ व्होल्ट घेतात, उरलेला भार रेझिस्टरवर. १२ व्होल्टला तो पावणेतीनच्या आसपास असतो, पण सोलर किंवा गाडीवरून चार्जिंग चालू असताना लाइन १४.४वर जाते आणि तो पाचला टेकतो. करंट दीडपटीच्या वर जातो, पट्टी तापून मरते. म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर घाला, किंवा ‘९ ते ३२ व्होल्ट’ लिहिलेलेच दिवे घ्या. कन्व्हर्टर स्विचच्या पुढे बसवा, बॅटरीच्या बाजूला बसवलात तर तो दिवसभर थोडं थोडं खात राहतो. पट्टीचा चिकट कागद उन्हात सुटतो, अ‍ॅल्युमिनियम चॅनेल लागतंच.

वायर १ चौरस मिमीची नको. आठ मीटर अंतरावर तीन अँपिअरला येऊन-जाऊन ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. अडीचची टाका, कोकणात फिरणार असाल तर टिन्ड कॉपरची (कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची). लाइटच्या सर्किटला ५ अँपिअरचा फ्यूज, आणि बॅटरीचा मुख्य फ्यूज पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. रिले (करंटवर चालणारा स्विच) शक्यतो टाळा, साध्या रिलेची कॉइलच दीडशे मिलीअँपिअर घेते.

व्होल्टमीटरवर सगळं बंद करून काही तासांनी १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियम आयर्न फॉस्फेट (थोडक्यात लिथियम फॉस्फेट) बॅटरीला हे चालत नाही, ती बराच काळ १३.२च्या आसपासच दाखवते. तिला शंट मॉनिटर (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) हवा, आणि झाडून सगळ्या निगेटिव्ह वायरी शंटच्या लोडच्या बाजूला. एक जरी थेट बॅटरीला राहिली तर आकडा खोटा.

१५० की २००? माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत, १०० एएचची लिथियम फॉस्फेट घ्या. ८० तरी वापरता येतात आणि वजन ११-१३ किलो. फक्त ती गाडीच्या अल्टरनेटरला थेट जोडू नका. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज पाडतो, म्हणून डीसी-डीसी चार्जर लागेल. पावसाळ्यात १०० वॉटच्या पॅनेलकडून हिवाळ्यातले ३० एएच धरू नका. आणि मागचे टेल, ब्रेक, इंडिकेटर या बॅटरीवर कधीच घेऊ नका, ते सात पिनच्या सॉकेटमधून गाडीवरच. इंडिकेटर दिल्यावर टेल लॅम्प लुकलुकायला लागला तर आधी ३ नंबरच्या पिनची अर्थिंग घासून बघा.