व्यालेली म्हैस माजावर येत नाही? आधी तपासणी, मग सुई

प्रश्न: मुऱ्हा म्हैस व्यायला साडेचार महिने झाले. दूध १२ लिटर आहे, पण माज दिसत नाही. रक्त तपासलं तर साखर ५५, म्हणजे कमी आली. औषधवाला म्हणतो, ग्लुकोज-कॅल्शियमच्या बाटल्या लावा आणि माजाची सुई डबल मारा. मारू का? (आरे वसाहत, गोरेगाव. जोगेश्वरी आणि दहिसरच्या तबेल्यांतूनही हाच प्रश्न आला आहे.)

उत्तर: नाही. सुई मारू नका. डबल तर मुळीच नाही.

आधी रिपोर्ट नीट बघू. रक्त माणसांच्या लॅबमध्ये दिलं होतं, म्हणून शेजारी माणसांची पातळी छापली आहे, ७० ते १००. रवंथ करणाऱ्या जनावरात ४५ ते ७५ ही नेहमीची साखर. म्हणजे तुमच्या म्हशीची ५५ ठीकच आहे. शिवाय साधी नळी तासन्‌तास स्कूटरच्या डिकीत राहिली, तर रक्तपेशीच त्यातली साखर खातात आणि आकडा आणखी उतरतो. असल्या कागदावर बाटल्या विकल्या जातात. कॅल्शियम शिरेतून घाईने सोडलं तर हृदय बंद पडतं, म्हैस जागच्या जागी मरते. कॅल्शियम डॉक्टरांशिवाय लावायचं नाही.

आता मूळ कारण. व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत दूध शिखरावर जातं, भूक मात्र मागे राहते. तूट भरायला म्हैस अंगावरची चरबी जाळते. रक्तात चरबीची आम्लं वाढतात, इन्सुलिन उतरतं, मेंदूकडून बीजांडाला जाणारा एलएच हार्मोनचा इशारा मंदावतो आणि बीज पिकतच नाही. ही झाली खरी माजबंदी. दुसरा प्रकार मुक्या माजाचा: बीजांड चालू आहे, माज येऊन जातो, आपल्याला कळत नाही. आमच्याकडे 'माजावर येत नाही' म्हणून आणलेल्या कितीतरी म्हशी प्रत्यक्षात मुक्या माजाच्या निघतात.

दोन्हींतला फरक रक्तातलं प्रोजेस्टेरॉन सांगतं. १० दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्या. एकातही मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर बीजांड चालू आहे, नाहीतर म्हैस गाभणच असेल. दोन्हींत खाली राहिलं तर बीजांड झोपलंय. एका नमुन्यावरून काहीच ठरत नाही.

औषधवाला ज्याला 'माजाची सुई' म्हणतो ती बहुधा प्रोस्टाग्लँडिन असते. बीजांडावर पिवळा पिंड (बीज सुटल्यावर त्या जागी होणारी गाठ, प्रोजेस्टेरॉन तिथूनच येतं) असेल तरच ती काम करते. झोपलेल्या बीजांडावर एक मारा की चार, पैसे पाण्यात. आणि तबेल्यात रेडा मोकळा असेल तर म्हैस गाभण असू शकते. त्या सुईने ती गाभडते. गाभडलेल्या म्हशीचा मालक माझ्यासमोर बसतो तेव्हा औषधवाला कुठेच नसतो! म्हणून गाभण तपासणीशिवाय ही सुई नाही. गरोदर बाई किंवा दमेकरी माणसाने या बाटलीला हातही लावू नये, औषध कातडीतून शरीरात जातं. इस्ट्रोजेनची सुईही तशीच फसवी: म्हैस माज दाखवते, पण बीज सुटेलच असं नाही. भरवूनही ती उलटते, म्हणजे गाभ राहत नाही.

पान्ह्यासाठी रोज ऑक्सिटोसिन टोचणाऱ्यांनाही सांगतो, बंद करा. त्याने माज येत नाही, म्हशीला सुईशिवाय पान्हा सोडायची सवय मात्र राहत नाही. 'गर्भाशय साफ होतं' हेही खोटं. व्याल्यावर थोड्याच दिवसांत गर्भाशय त्याला दाद देईनासं होतं. दूध वाढवण्यासाठी घातक सुया टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. रेडकू जगवा, पान्हा त्याच्याने सुटतो.

मी आग्रह धरतो तो पहाटेच्या फेरीचा. म्हशीचा माज बहुतेक रात्री नाहीतर पहाटे येतो आणि धार काढायच्या गडबडीत कोणी बघत नाही. धारेच्या आधी टॉर्च घेऊन दावणीच्या मागून चालत जा. शेपटीला चिकटलेली काचेसारखी बळस, सुजलेली योनी, थेंबथेंब लघवी, अचानक घटलेलं दूध, एवढंच बघायचं. म्हशीच्या दावणीवरच्या पाटीवर तारीख लिहा, २१ दिवसांनी पुन्हा बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. व्याल्यापासून ६० व्या दिवशी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. चौथा महिना उजाडायची वाट बघू नका.

खुराक दर २ लिटर दुधामागे १ किलो, शिवाय अंगासाठी दीड-दोन किलो, खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम. नुसती सरकी पेंड वाढवू नका. प्रथिनं जास्त झाली की रक्तातला युरिया चढतो आणि गर्भ टिकत नाही. फॉस्फरस कमी पडलं तर गर्भधारणा लांबते, क्वचित लघवी लाल होते. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. एप्रिल ते जूनच्या मुंबईच्या दमटपणात दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारा, वैरण रात्री जास्त टाका. तेव्हा माज मंदावतोच, सप्टेंबरनंतर जोर धरतो.

योजनांचं थोडक्यात: किसान क्रेडिट कार्ड आता दुधाळ जनावरांसाठीही मिळतं. कानात १२ आकडी बिल्ला असू द्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या पथकासाठी १९६२ नंबरवर फोन करा.

तुमच्या म्हशीचं आजच करायचं ते असं: रेडा वेगळा बांधा, गाभण तपासणी करून घ्या, रिकामी निघाली तर पहिला नमुना त्याच दिवशी द्या. घेतलेल्या बाटल्या फोडल्या नसतील तर परत करा.