सायबर सिक्युरिटीत जायचंय, तर पदवी घ्यावी की थेट सर्टिफिकेशन करावीत?

वय आणि पैसा साथ देत असेल तर पदवी घ्याच. बऱ्याच कंपन्यांत पदवी नसलेला अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो, मग तुम्हाला कितीही येत असो. पण पदवी हातात आहे आणि नोकरी बदलून इकडे यायचंय, तर दुसरी पदवी कशाला? सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीच्या पातळीचं सर्टिफिकेशन करा. त्याची मुदत ३ वर्षांची, पुढे नूतनीकरण करावं लागतं.

सगळी सर्टिफिकेशन एका माळेचे मणी नाहीत. काहींत नुसते पर्याय निवडायचे असतात. ओएससीपी या हॅकिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र पावणेचोवीस तास खरोखर मशीन फोडत, म्हणजे हॅक करत, बसावं लागतं, वर अहवाल लिहायला आणखी २४ तास. सीआयएसएसपी हे अनुभवी लोकांसाठीचं सर्टिफिकेशन, ते सुरुवातीला नकोच. त्याला ५ वर्षांचा अनुभव लागतो. संबंधित पदवी असेल तर त्यातलं १ वर्ष माफ होतं.

आणि मुलाखतीत हमखास विचारतात: ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर काय काय घडतं? डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं), टीसीपी (त्याच्याशी जोडणी करणं), टीएलएस (ती जोडणी सुरक्षित करणं) हे न अडखळता सांगता येत नसेल, तर आधी नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं करा. परीक्षेची फी नंतर भरा.