१२ वर्षांचा कुत्रा अचानक घरात शू करायला लागलाय. मुद्दाम करतोय का?

नाही, मुद्दाम करत नाहीये. एवढं एक घरातल्या सगळ्यांना आजच सांगा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की तो आयुष्यभर बाहेरच जायचा आणि गेल्या महिन्याभरात मात्र कधी हॉलमध्ये, कधी पलंगाशेजारी शू करून ठेवतो, एकदोनदा शीसुद्धा. रागावलं की कान पाडून मान खाली घालतो, म्हणजे 'त्याला सगळं कळतंय', असं घरच्यांचं म्हणणं. या पडलेल्या चेहऱ्यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावून मालक खोलीबाहेर जायचा आणि परत आल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे त्याला कधी खरं, कधी खोटं सांगितलं जायचं. खाल्लेला असो वा नसो, ओरडा बसला की कुत्रा अपराधी दिसायचा. खाऊ न खाताच ओरडा बसलेले कुत्रे तर जास्तच. तेव्हा तुमचा कुत्रा मान खाली घालतो ती तुमच्या आवाजामुळे. तासाभरापूर्वी झालेल्या शूशी तो त्या रागाचा संबंध जोडू शकत नाही. रागावण्याने फरक एवढाच पडेल की तो तुमच्यासमोर करणार नाही, सोफ्यामागे जाऊन करेल.

'पुन्हा पहिल्यापासून शिकवावं का?' असं तुम्ही विचारलंय. आत्ता नको. इतकी वर्षं अंगवळणी पडलेली सवय मोडते तेव्हा बहुतेक वेळा शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते शोधायचं काम डॉक्टरांचं आहे. पण शू नेमकी कशी होते हे डॉक्टरांना दवाखान्यात दिसत नाही. ते फक्त तुम्हाला दिसतं, म्हणून तेवढं नीट बघून जा.

तो झोपेत असताना होते का, हे सगळ्यात आधी बघा. आमच्या कुत्रीला हाच त्रास होता. दुपारची झोप काढून उठली की गादीवर तळहाताएवढा ओला डाग, मागच्या पायांचे केस चिकटलेले, आणि ती स्वतः तो डाग असा हुंगायची की जणू दुसरंच कोणी करून गेलंय. तिला पत्ताही नसायचा. नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये, विशेषतः माद्यांमध्ये, मूत्रमार्गाचा स्नायू वयाबरोबर सैल पडतो आणि अशी गळती होते. यावर फिनाइलप्रोपॅनोलामाइन किंवा माद्यांसाठी एस्ट्रिऑल ही औषधं आहेत आणि बहुतेकींना चांगला गुण येतो. आमच्या कुत्रीला आला. नरांमध्ये अशी गळती कमी दिसते, त्यामुळे तुमच्याकडे तसं होत असेल तर डॉक्टर पाठीचा कणा आणि प्रोस्टेटही तपासतील.

तो जागेपणी, नीट बसून किंवा पाय वर करून, भरपूर आणि पाण्यासारखी फिकट शू करत असेल तर तो पाणी किती पितोय ते मोजा. सकाळी भांड्यात मोजून पाणी ओता, दिवसभरात भर घातली तर ती लिहून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं वजा करा. दर किलो वजनामागे १०० मिलीच्या वर आकडा गेला, म्हणजे १० किलोचा कुत्रा दिवसाला लिटरभराहून जास्त पीत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), ही त्यामागची नेहमीची कारणं. खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, तेव्हा चालू औषधांची यादी सोबत न्या. आणि कृपा करून, घरात शू होते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका. मूत्रपिंडं लघवी दाट करू शकत नसली की कुत्र्याला जितकं बाहेर जातं तितकं प्यावंच लागतं. पाणी तोडलंत तर तो एका दिवसात आजारी पडू शकतो.

सारखा बसतोय, थेंबथेंब येतेय, लाल दिसतेय, तर संसर्ग, खडा किंवा प्रोस्टेटचा त्रास असू शकतो. जोर करूनही काहीच येत नसेल तर उजाडायची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग बंद झाला की जीवावर बेततं.

लघवीची तपासणी ही पहिली आणि साधी गोष्ट आहे. सकाळची पहिली शू घ्यायची. लांब दांड्याचा स्वच्छ, कोरडा डाव पाठीमागे लपवून चालत राहा, त्याने पाय उचलला की आधीची धार सोडून द्या आणि मग डाव अलगद खाली सरकवा. वाकून त्याच्या तोंडासमोर गेलात की तो थांबतो, म्हणून बाजूनेच जा. स्वच्छ डबीत ओतून लगेच न्या, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. रिपोर्टमध्ये स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचा, म्हणजे लघवी किती दाट आहे त्याचा, आकडा बघा. निरोगी कुत्र्याची सकाळची लघवी साधारण १.०३० च्या वर असते. ती पुन्हा पुन्हा १.००८ ते १.०१२ मध्ये अडकलेली दिसली तर मूत्रपिंडांची नीट चौकशी व्हायला हवी. रक्ततपासणी सोबतच करून घ्या, कारण क्रिएटिनिन (मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांची बरीचशी ताकद गेलेली असते.

तुम्ही शीचाही उल्लेख केलाय, म्हणून सांध्यांबद्दल विचारतो. उठताना मागचे पाय घसरतात का? जिन्याशी येऊन थबकतो का? संधिवाताने दुखणारा कुत्रा दारापर्यंत जाणं टाळतो, आणि शीसाठी तेवढा वेळ बसून राहता येत नसल्यामुळे चालता चालताच शी पडते. त्याच्या गादीपासून दारापर्यंत न सरकणारी चटई टाकली तरी बराच फरक पडतो. वेदनेवर कुत्र्यांसाठीची चांगली औषधं आहेत, ती डॉक्टरांकडूनच घ्या. माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कधीही देऊ नका. त्यांनी जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

सगळे रिपोर्ट चांगले आले तर मेंदूच्या म्हातारपणाचा विचार करावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेच्या २००१ च्या अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांमध्ये याचं कमीत कमी एक लक्षण सापडलं होतं. दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, रात्री येरझाऱ्या, कोपऱ्यात अडकून बसणं, ओळखीच्या माणसाकडे दुर्लक्ष. फिरून आल्या आल्या घरात शू, हेही त्यातलंच. यावर सेलेजिलिन नावाचं औषध आहे, अमेरिकेत १९९८ मध्ये कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मंजूर झालेलं. ते आजार पूर्ण बरा करत नाही, पण काही कुत्र्यांना त्याने दिवस सोपे जातात. रात्री एक मंद दिवा चालू ठेवा, फर्निचरच्या जागा बदलू नका.

उपचार चालू होतील तोपर्यंत त्याला दर तीन-चार तासांनी बाहेर न्या, रात्री झोपण्याआधी एकदा न्याच. नुसतं दार उघडून सोडू नका, सोबत जा, आणि झाल्या झाल्या तिथेच शाबासकी द्या. घरातल्या जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनाइलने आपल्याला वास येईनासा होतो, त्याला येतच राहतो, आणि तो पुन्हा तिथेच जातो. अमोनिया असलेलं काही वापरू नका, तो वास लघवीसारखाच असतो.

डायपर लावायला हरकत नाही, पण ओला झाला की लगेच बदला आणि कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी करा, नाहीतर तिथे चट्टे उठतात. बाळांचं झिंक ऑक्साइडवालं मलम लावू नका, चाटल्याने ते पोटात जातं आणि कुत्र्यांना बाधतं.

लघवीचा रिपोर्ट आला की आकडे इथे खाली लिहा, आणि पाणी किती पितो तेही.