ऐंशीच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर सतत दिसणारा रशियन विनोदवीर याकोव्ह स्मिरनॉफ पुढे कुठे गेला? सोव्हिएत युनियन कोसळल्यावर त्याचं काम संपलं का?

टीव्हीवरचं काम जवळपास संपलं, पण त्याचं करिअर संपलं नाही. तो मिसूरी राज्यातल्या ब्रॅन्सन या छोट्या गावात गेला, आणि तिथे सुमारे २००० खुर्च्यांच्या स्वतःच्या थिएटरात त्याने वीसहून अधिक वर्षं कार्यक्रम केले. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या पत्रकारांचं तिकडे लक्ष नसतं, म्हणून तो ‘गायब झाला’ असा समज पसरला.

आधी त्याचा विनोद कसा चालायचा ते बघा, म्हणजे पुढचं नीट कळेल. याकोव्ह पोखिस हे त्याचं मूळ नाव, जन्म १९५१ चा, ओडेसाचा. १९७७ मध्ये तो आईवडिलांसोबत अमेरिकेत आला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. स्मिरनॉफ हे नाव त्याने बारमध्ये काम करताना व्होडकावरून उचललं. त्याच्याकडे दोन हुकमी साचे होते. पहिला भाबड्या परक्या माणसाचा: दुकानात दुधाची पावडर दिसते, पाणी घातलं की दूध. संत्र्याच्या रसाची पावडर दिसते, पाणी घातलं की रस. पुढे बेबी पावडर दिसते आणि तो म्हणतो, काय देश आहे! दुसरा साचा उलटापालटीचा: अमेरिकेत तुम्ही पार्टी शोधता, रशियात पार्टी तुम्हाला शोधते. हा मिलर लाइट बिअरच्या जाहिरातीतून घरोघरी पोचला.

दोन्ही साच्यांत शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं प्रेक्षकाला आधीच माहीत असावं लागतं: रांगा, टंचाई, केजीबी. शीतयुद्धामुळे ही तयारी बातम्याच करून देत होत्या, त्याला फक्त टोला मारायचा होता. म्हणूनच तो इतक्या झपाट्याने वर गेला. १९८४ मध्ये ‘मॉस्को ऑन द हडसन’ सिनेमात भूमिका, ‘नाइट कोर्ट’ मालिकेत अधूनमधून दर्शन, मग १९८६-८७ मध्ये ‘व्हॉट अ कंट्री!’ ही मालिका, जिच्यात तो नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करणारा टॅक्सीवाला होता. (ही मालिका ब्रिटिश ‘माइंड युअर लँग्वेज’वर बेतलेली. आपल्याकडची ‘जबान संभालके’सुद्धा त्याच मुळातून आलेली, त्यामुळे तिचा बाज तुम्हाला लगेच ओळखू येईल.) ‘व्हॉट अ कंट्री!’ एकाच हंगामात बंद पडली. १९८८ मध्ये व्हाइट हाउसच्या पत्रकारांच्या वार्षिक भोजनाला राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यासमोर तो मुख्य विनोदवीर होता. जोडीला बेस्ट वेस्टर्न हॉटेलांच्या जाहिराती होत्याच.

इथेच घोळ झाला. जाहिरातीत रोज तोच साचा, टॉक शोमध्येही तोच. प्रेक्षकाला शेवटचं वाक्य आधीच कळायला लागलं की उलटापालटीचा विनोद लगेच मरतो, कारण त्याचा सगळा जोर अनपेक्षित वळणावर असतो. माझ्या मते १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन टिकलं असतं तरी त्याच्या टीव्हीवरच्या कामाला दोन-चार वर्षांत ओहोटी लागलीच असती. विघटनामुळे ते एका झटक्यात झालं, एवढंच.

ब्रॅन्सनची निवड मात्र फार विचारपूर्वक केलेली वाटते. साधारण बारा-तेरा हजार वस्तीचं हे गाव ओझार्क डोंगरांत आहे. हायवे ७६ वर एकामागोमाग एक थिएटरं आहेत आणि गावाचं अर्थकारण पर्यटकांवर, त्यातही बसने येणाऱ्या ज्येष्ठांच्या गटांवर उभं राहिलं. डिसेंबर १९९१ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्हीवरच्या वृत्तमालिकेने या गावावर कार्यक्रम केला आणि गर्दी एकदम वाढली. तिथला धंदा टीव्हीच्या बरोबर उलटा चालतो. टीव्हीवर प्रेक्षक तेच, म्हणून मजकूर सतत बदलावा लागतो; ब्रॅन्सनमध्ये प्रेक्षक दर दोन-तीन दिवसांनी नवे येतात, म्हणून घासूनपुसून पक्का केलेला तोच कार्यक्रम वर्षभर चालतो. शिवाय ज्यांनी रेगनचा काळ भरात असताना पाहिला तीच पिढी समोर बसलेली, त्यामुळे रांगांचा विनोद समजावून सांगावा लागत नाही. तिथे सकाळी दहाच्या सुमाराससुद्धा शो असतात. जानेवारी-फेब्रुवारीत गाव थंडावतं, नोव्हेंबरपासून नाताळच्या कार्यक्रमांनी भरतं. तिकिटं खपवायची तर गाडीने येणाऱ्याला गावात शिरण्याआधीच गाठावं लागतं. याकोव्हने नेमकं तेच केलं: मिसूरीच्या हमरस्त्यांवर त्याच्या चेहऱ्याचे मोठमोठे फलक लागायचे आणि ते त्या प्रदेशात चांगलेच प्रसिद्ध झाले.

हळूहळू विषयही बदलला: रशियाऐवजी नवरा-बायको. त्यावरचा एकपात्री प्रयोग २००३ मध्ये ब्रॉडवेवर झाला. मग त्याने हा विषय रीतसर शिकायला घेतला. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून सकारात्मक मानसशास्त्राची मास्टर्स पदवी, २०१९ मध्ये पेपरडाइन विद्यापीठातून डॉक्टरेट. साठी ओलांडल्यावर डॉक्टरेट करणाऱ्याला ‘विझलेला तारा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

फार कमी जणांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे तो ओडेसात चित्रकला शिकवायचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याने काढलेलं चित्र मोठं करून २००२ मध्ये ग्राउंड झीरोजवळच्या (न्यूयॉर्कमधल्या हल्ल्याच्या जागेजवळच्या) इमारतीवर लावलं गेलं. खर्च त्याचा स्वतःचा होता आणि सुरुवातीला चित्रावर नावही नव्हतं.

इंटरनेटवर फिरणारे ‘सोव्हिएत रशियात...’ छापाचे विनोद मात्र सरसकट त्याच्या नावावर टाकू नका. उलटापालटीची युक्ती त्याच्याही आधीची आहे. अमेरिकन विनोदवीर बॉब होपने १९५८ च्या ऑस्कर सोहळ्यात तसाच टोला मारला होता. ओळखायची सोपी खूण सांगतो. इंटरनेटवाले बहुतेक वेळा कर्ता आणि कर्म यांची नुसती अदलाबदल करतात. याकोव्हच्या चांगल्या विनोदात उलटवलेला शब्द दुसऱ्या अर्थानेही खरा ठरतो: ‘पार्टी’ म्हणजे मेजवानी आणि कम्युनिस्ट पक्षही. तो दुसरा अर्थ सापडला नाही, तर तो विनोद बहुधा त्याचा नाही.