वडील जाऊन थोडेच महिने झालेत, गोव्यात घराच्या पुढच्या खोलीत छोटा धंदा सुरू करू का, की वर्षश्राद्धापर्यंत थांबू?

तू भांडवल विचारलंयस, परवाने विचारलेत, वाड्यावर कुठला धंदा चालेल तेही विचारलंयस. पण मी लिहायला बसले ते तुझ्या एकाच ओळीमुळे, "नातेवाईक म्हणतात वडिलांचं वर्ष होऊ दे, मग बघू." थांबू नको बाय. अजिबात थांबू नको.

मी डिचोली तालुक्यातली. आमच्या बाबांचा ट्रक होता, खाणीवर चालायचा. 2012 ला मायनिंग बंद पडलं आणि आमच्या बाजूच्या सगळ्यांचे ट्रक दारात उभे राहिले. बाबांनी काही दिवस वाट बघितली, मग मिळेल त्या किमतीला ट्रक विकला आणि घराशेजारी पत्रे घालून पिठाची गिरण घातली. दळणाची एक चाकी आणि मिरची-हळदीला वेगळं मशीन. पुढे काही वर्षांनी एका मार्चमध्ये बाबा हार्ट अटॅकने गेले. मी बी.कॉम. होऊन नोकरीचे फॉर्म भरत होते, भाऊ बारावीला होता.

बारावा झाला आणि लगेच काका आले. म्हणाले, वर्ष होईपर्यंत गिरण बंद ठेवा, घरात दुःख आहे, लोक काय म्हणतील. आणि त्याच बैठकीत पुढचं वाक्य काय तर, मशीन नुसतं उभं राहून गंजतं, माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याला भाड्याने देऊया. म्हणजे आम्ही चालवली तर दुःख मोडतं आणि त्याने चालवली तर नाही? हे मी तेव्हाच सगळ्यांसमोर विचारलं होतं, उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. दुःखाच्या वर्षात लग्न, मुंज, वास्तुशांत करत नाहीत हे मला मान्य आहे, आम्हीही सगळं पाळलं. पण दळण म्हणजे शुभकार्य नव्हे, पोटाचं काम आहे. बाप गेला म्हणून वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, लावणी कोण सोडतो?

त्यात दिवस कुठले बघ. एप्रिल-मे म्हणजे पुरुमेताचा, पावसाळ्याच्या बेगमीचा सीझन. बायका म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मिरची आणतात, कोण हरमलची, कोण खोलची, कोण ब्याडगी, अंगणात कडक वाळवतात आणि पावसाआधी वर्षाची पूड करून ठेवतात. एकदा पाऊस लागला की मिरची मऊ पडते, नीट दळली जात नाही, जाळीला चिकटून बसते. त्या दोन महिन्यांत मशीन बंद म्हणजे वर्षाची कमाई गेली, शिवाय डबे घेऊन बाया एकदा दुसऱ्या वाड्यावर जायला लागल्या की त्यांना परत आणणं फार कठीण. काकांना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

आईने चावी माझ्या हातात दिली आणि मी गिरण उघडली. पहिल्या आठवड्यात लोक डबा ठेवायचे, बोलायचे नाहीत, पण यायचे. खरी अडचण दगडाची झाली. दगड बोथट झाला की पीठ गरम पडतं आणि भाकरी थापताना चिरते, मग गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. टाकी लावायला, म्हणजे दगड छिन्नीने टोचून परत खरबरीत करायला, बाबा ज्याला बोलवायचे तो आज येतो उद्या येतो करत राहिला, म्हणून शेवटी त्याच्याच बाजूला बसून मी ते काम शिकून घेतलं, छिन्नी-हातोडा बाबांचाच. काका रस्त्यावरून बघून म्हणाले, "हें बायलांचें काम न्हय." मी मान वर केली नाही. आजही माझ्या चाकीला मीच टाकी लावते आणि याचा मला अभिमान आहे, नोकरी लागल्याचा झाला नसता एवढा.

त्या वर्षी चवथीला आमच्या घरी गोडधोड नव्हतं, पण पातोळ्या-मोदकांचं तांदळाचं पीठ अख्ख्या वाड्याने आमच्याकडून नेलं. काकीने पण पाठवला होता डबा. मी दळून दिला, पैसे घेतले.

आता तुझ्या कामाचं. धंदा कुठला हे नेटवर शोधू नको, तुझ्या वाड्यावरची माणसं कशासाठी गाडी काढून बाजारात जातात ते बघ. मी पुढे चकलीची भाजणी, थालीपीठाचं पीठ, नाचणीचं पीठ तयार करून ठेवायला लागले कारण बाया ते विचारत होत्या. पंचायतीचं ट्रेड लायसन्स आणि खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन, लागेल. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांचं सरकारी रजिस्ट्रेशन, सक्तीचं नाही, पण तेही करून घे. उद्यम फुकट आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होतं, एजंटला पैसे देऊ नको. घरगुती मीटरवर धंद्याचं मशीन चालवू नको. बँकेचं म्हणशील तर मुद्राच्या शिशू कर्जात 50,000 पर्यंत तारण लागत नाही. पण पहिल्या वर्षी कर्ज न काढता जमत असेल तर तसंच कर. उधारी नको, पहिल्या दिवसापासून नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कागद. गोव्यात आपला कायदा वेगळा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेतला अर्धा भाग आईचा आधीपासूनच असतो, तो तिला कोण देत नाही, आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांचा अर्धा मुलांमध्ये सारखा वाटला जातो, मुलगी असो मुलगा असो, लग्न झालेलं असो नसो. सब-रजिस्ट्रारकडे स्पेशल नोटरीसमोर वारसांचं डीड करून घ्या आणि ते हातात येईपर्यंत नातेवाइकांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर आईची सही होऊ देऊ नको. "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणून आमच्या आईपुढेही एक कागद आला होता. बँकेत तुझं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात ठेव.

एक मात्र आहे, आमची गिरण बाबांनी स्वतः घेतलेल्या जागेत होती. तुमचं घर अजून आजोबांच्या नावावर असेल आणि वाटणी झालेली नसेल तर काकांचाही त्यात हक्क असू शकतो, तेव्हा आधी वन-फोर्टीन, म्हणजे जमिनीचा उतारा, काढून बघ, वकिलाला दाखव, मग भांड. आणि आई मनापासून नको म्हणत असेल तर तिचं ऐक, पण तिला एकटीला विचार, माणसं जमलेली असताना नको.

भांडवलाचा आकडा मी सांगत नाही कारण काय करायचंय तेच तू लिहिलेलं नाहीस. दळण, मसाला, पीठ यातलं काही असेल तर सांग, मशीन कुठलं घ्यायचं आणि किती एचपीची मोटर लागेल ते सगळं लिहून देते.