डावात माप दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस

लेकरा,

अनेक आशीर्वाद. शनिवारी मित्राच्या शेतावर जमायचं ठरलंय आणि तिथं पत्ते, बिअर पाँग, ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ असे दारू पीत खेळायचे खेळ होणार, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. जाऊ नको असं म्हणणं नाही. कायदा तेवढा माहीत असू दे: महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूसाठी 25, आणि वर प्यायचा परवाना लागतो. तुमच्यातले जे 21 च्या आत आहेत त्यांच्या ग्लासात ताक नाहीतर लिंबू-सोडा. त्यांनाही डाव तेवढाच खेळता येतो.

आता मापाचं बोलू. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्की-रमच्या 30 मिली स्मॉल पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि यकृत तासाला जेमतेम तेवढंच जिरवतं. 180 मिलीची क्वार्टर म्हणजे सहा स्मॉल. 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर 650 मिलीच्या एका बाटलीत चार स्मॉल बसतात. ‘बिअरच तर आहे’ म्हणणारी पोरं इथंच फसतात. त्यात पोटात गेलेली दारू रक्तात पुरती चढायला अर्धा ते दीड तास लागतो. खेळात वीस मिनिटांत चार ग्लास रिचवले तर चौथ्यापर्यंत पहिलाही नीट जाणवलेला नसतो.

म्हणून ‘पॉवर अवर’ खेळूच नका. दर मिनिटाला 30 मिली बिअर, तासभर. ऐकायला घोटभर वाटतं, पण बेरीज 1800 मिली होते, म्हणजे पावणेतीन बाटल्या. स्ट्राँग बिअर असली तर तासाभरात अकरा स्मॉल. आयपीएलचा डावही असाच फसवा. षटकाराला 30 मिलीचा एक शॉट ठरवला आणि दोन्ही डावांत मिळून पंधरा षटकार बसले, तर साडेतीन तासांत 450 मिली दारू पोटात. किती प्यायची ते तुझ्याऐवजी फलंदाज ठरवतो.

बिअर पाँगमध्ये टेबलावरच्या बिअरच्या कपांत चेंडू टाकायचा असतो. ज्याच्या कपात चेंडू पडतो तो पितो, प्यायल्यावर नेम चुकतो, नेम चुकला की मागं पडून पुन्हा तोच पितो. ज्याला थांबायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच नियम पाजतो. शिवाय चेंडू शेणामातीत पडून पुन्हा कपात येतो. टेबलावरच्या कपांत साधं पाणी भरा आणि प्रत्येकानं आपापल्या हातातल्या ग्लासातून घोट घ्यावा. पत्त्यांच्या ‘किंग्स कप’मध्ये पहिले तीन राजे ज्यांना निघतील त्यांनी मधल्या ग्लासात आपापलं ओतायचं आणि ज्याला चौथा राजा निघेल त्यानं ते संपवायचं, असं असतं. त्यात काय किती गेलं हे कुणालाच ठाऊक नसतं. तो ग्लास ताकाचा करा, गंमत कमी होत नाही.

नियम खेळ सुरू व्हायच्या आधी, शुद्धीत असताना ठरवा. शिक्षा घोटाची, ग्लासाची नाही. ‘बॉटम्स अप’ बंद. खेळात फक्त माइल्ड बिअर, शॉट नाही. ‘पास’ म्हटलं की कारण विचारायचं नाही. त्याबदल्यात गाणं म्हणावं नाहीतर भांडी घासावीत. ओतणारा एकच, तो न पिणारा, आणि त्याच्या हातात 30 मिलीचं माप. अर्ध्या तासानं डाव थांबवून जेवायला बसा.

खरं तर जाण्याआधीच जेव. भाकरी, पिठलं, अंडी, दही, काहीही पोटभर. भरल्या पोटी दारू हळू चढते. नुसत्या खाऱ्या शेंगदाण्यांवर भागवलं तर तहान लागते आणि ती बिअरनंच भागवली जाते. दर ग्लासानंतर तांब्याभर पाणी पी. पाण्यानं दारू उतरत नाही, पण वेग मोडतो. एनर्जी ड्रिंक मिसळू नको: झोप उडते, नशा तेवढीच राहते. सर्दीची सेटिरिझिन किंवा झोपेची गोळी घेतली असेल तर थेंबही नको. आपला ग्लास ठेवून उठलास तर परत आल्यावर तो ओतून दे.

शेतावर मला सगळ्यात जास्त धास्ती शेततळ्याची. प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बसायची जागा तळं आणि विहीर यांपासून लांब निवडा, आणि लघवीला जाताना जोडीनं बॅटरी घेऊन जा.

कुणी आडवा झालाच तर ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणू नका. झोपल्यावरही पोटातली दारू रक्तात चढतच असते. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, अंग गार, ओठ निळसर, झोपेतच उलटी, झटके: यातलं एकही दिसलं की 108. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर करा. तुझ्याकडचा त्याचा हात काटकोनात बाजूला पसर, पलीकडच्या हाताचा पंजा त्याच्या गालाखाली धर, पलीकडचा गुडघा वाकवून आपल्याकडे ओढ, मग हनुवटी वर आणि तोंड किंचित जमिनीकडे कर. ताक, लिंबूपाणी, कॉफी पाजू नका. ते श्वासनळीत जातं. बोटं घालून उलटी काढू नका, गार पाणी ओतू नका. एकानं सतत शेजारी बसून श्वास मोजावा. घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात न्या, नाहीतर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, डॉक्टरला काय, किती, कधी प्यायला ते खरं सांगा. घरी कळेल, पोलिस येतील या भीतीनं तासभर घालवू नका. हातभट्टीची किंवा बिनलेबलाची प्यायला असेल आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं धुरकट दिसायला लागलं, तर ते मिथेनॉल असू शकतं; लगेच दवाखाना गाठा.

परतीचं आधीच ठरव. गाडी चालवणाऱ्यानं एक घोटही घ्यायचा नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि उसाच्या हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात, त्या शुद्धीतल्या माणसालाही उशिरा दिसतात. रात्री तिथंच मुक्काम करा. सकाळचाही हिशेब कर: दहाला सुरुवात करून कुणी नऊ स्मॉल घेतले असतील तर सगळं जिरायला सकाळचे सात तरी वाजतात, एखाद्याचे दहा. त्यानं दुपारपर्यंत किल्लीला हात लावू नये. प्रॅक्टिकल असेल तर एसटीनं जावं.