दोन दिवसांत चार सामने

प्रश्न : मुलगी कॉलेजच्या रोलर हॉकी संघात आहे. शनिवार-रविवारी लीगचे चार सामने झाले. शेवटच्या सामन्यात तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. खेळ सोडायला लावू का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, खेळ सोडवू नका. मीही कॉलेजात चारचाकी स्केट्सवर खेळले, ते गोळे मला ठाऊक आहेत. रिंकवर गोलरक्षक धरून पाचच जणी, त्यामुळे दम घ्यायला जागाच नसते. पण या खेळात खेळ चालू असतानाही बदली करता येते, हवी तितक्या वेळा! मग ती बाकावर किती बसली, हे प्रशिक्षकांना जरूर विचारा. चांगल्या मुलीलाच शेवटपर्यंत पळवतात, याचा मला फार राग येतो.

दोन सामन्यांच्या मध्ये केळं, मीठ घातलेलं ताक. तांबडा रस्सा रविवारी रात्री, आधी नको. बुटाची नाडी करकचून बांधत असेल तर सैल करा.

फुटबॉलवेड्या कोल्हापुरात तिला कुणी विचारलं, तर सांगू दे : १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रदर्शनीय म्हणून खेळला गेला होता.

एकाच पोटरीला सूज आली किंवा दुखणं थांबेना, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे न्या.